नशीब, डावा हात होता

आमच्या ह्यांना शॉक लागला त्याला वर्ष उलटून गेलं. ह्या वर्षात जो भेटला तो एकच वाक्य बोलून गेला, "नशीब, डावा हात होता!"

दवाखान्यात डबा घेऊन आलेले पाहुणे म्हणाले, पट्टी बदलणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, दूधवाला दारातूनच म्हणाला. एका लांबच्या आत्याबाईंनी तर फोनवर आधी तेच म्हटलं आणि मग विचारलं, "पण झालंय काय गं नेमकं?" हे सगळ्यांपुढे मान डोलवायचे. पाहुणे गेले, की तो डावा हात मांडीवर घेऊन बसायचे, झोप न लागणारं तान्हं बाळ घेऊन बसावं तसे.

आमचं घर मागे, दुकान पुढे, मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे माझं शिलाई मशीन, पलीकडे ह्यांचं केस कापायचं दुकान. दुकान लहान, आरसा मोठा, आणि खुर्ची तर राजाला शोभावी अशी: लोखंडी पाय, लाल रेक्झिन, मानेला उशी, आणि कळ दाबली की माणूस असा अलगद मागे कलायचा की कर्जबुडव्यालाही क्षणभर निश्चिंत वाटावं. तिकडे कात्री कचकच करायची, इकडे मशीन कटकट करायचं, आणि ह्या दोन आवाजांवर ह्यांच्या गप्पा स्वार. ह्यांच्या गप्पांना गिऱ्हाईक उत्तर देऊ शकत नसे, कारण त्याच्या गळ्यावर वस्तरा असे. ह्याहून चांगला श्रोता कुणाला मिळणार?

त्या गप्पांनीच घात केला. दाढीला गरम पाणी हवं, म्हणून कोपऱ्यातल्या बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडलेला असायचा. पाणी तापलं का, हे बघायला हे डाव्या हाताची बोटं बुडवायचे. आधी बटण बंद, मग बोटं. ही रीत त्यांनीच मला शिकवलेली. पण त्या दिवशी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला ते एक गंमत सांगत होते, आणि गंमत अगदी शेवटाला आली होती. बटण चालूच राहिलं. उजवं कोपर बेसिनच्या नळाला टेकलेलं. वीज बोटांतून आत आली, छातीवरून आडवी चालत गेली आणि कोपरातून उतरून निघून गेली. शेजारचा इस्त्रीवाला ओरडा ऐकून धावला आणि त्यानं मेन बटण खाली ओढलं, म्हणून आज मला हे सांगता येतंय. खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणाच्या तोंडानं जे पळालं, ते पुन्हा आलं नाही. गमतीचा शेवट काय होता, हे त्याला अजूनही माहीत नाही. ह्यांनाही आठवत नाही.

दवाखान्यात छातीला वायरी लावून ठेवलं, लघवी तपासली, रक्त तपासलं. हृदय ठीक निघालं. बोटांवर डाळीच्या दाण्याएवढे पांढरे डाग, कोपराला एक काळपट खळगा. मी म्हटलं, "एवढंच?" डॉक्टर म्हणाले, "चोर आला होता असं समजा. दार आणि खिडकी मोडलेली दिसते आहे. आतल्या खोल्यांमधून काय काय गेलंय, ते राहायला लागल्यावर कळेल."

आणि तसंच झालं. आम्ही राहायला लागलो आणि खोल्या एकेक करून उघडायला लागल्या.

एका खोलीतून झोप गेली होती. एका खोलीत दम नव्हता. हे बाजारापर्यंत जायचे आणि पिशवीसकट कुणाच्याही पायरीवर बसून राहायचे. कुकरची शिट्टी झाली, की टेबलाखाली. साबणाच्या जाहिरातीत आई मुलाला न्हाऊ घालते, ती बघून एकदा एवढे रडले, की मी जाऊन तोच साबण आणला. शब्द सांडायचे. वस्तऱ्याला 'ते पातळ' म्हणायचे, कंगव्याला 'ते दातांचं', आणि एकदा गडबडीत मला हाक मारली, "अगं ए, शिवणारी!" बायकोला कामावरून ओळखणारा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं म्हणून मी हसले, आणि आत जाऊन नळ सोडून थोडी रडले.

आणि माझी लाकडी फूटपट्टी! ती तर त्यांनी पळवलीच. दिवा लावायचा फूटपट्टीनं, पंखा बंद करायचा फूटपट्टीनं. हात लांब करून, तोंड फिरवून, एक डोळा मिटून बटण असं दाबायचे, जणू झोपलेल्या सापाला उठवताहेत. मी कापडावर आखायला पट्टी शोधायचे आणि ती बाथरूमच्या बटणाशेजारी उभी सापडायची.

हे सगळं माझ्या वडिलांना पटत नव्हतं.

आबा आई गेल्यापासून आमच्याकडेच राहतात. रेल्वेत तिकीट तपासनीस होते. नोकरी संपली, नजर संपली नाही. घरात मांजर शिरलं, तरी 'कुठून आलंस आणि कुठवर जाणार' अशा नजरेनं बघतात. रोज सकाळी जावयाच्या हातून दाढी करून घ्यायची, गाल काचेसारखे करायचे आणि मग त्याच गालांनी जावयाला दिवसभर टोमणे मारायचे, हा त्यांचा नेम होता. शॉकनंतर ते स्वतःच बेसिनपाशी दाढी करू लागले आणि त्यांचा राग वाढतच गेला.

"जखम कुठाय?" ते मला विचारायचे.

"आतमध्ये आहे, आबा."

"आतमध्ये! विनातिकीट माणूस हेच सांगतो. तिकीट आतल्या खिशात आहे, साहेब. आणि खिसा सापडत नाही."

"डॉक्टर काय खोटं बोलतात?"

"डॉक्टरला गाडीचा अनुभव नाही. दुपारी बघ जावयाकडे. डोळे मिटलेले, कान उघडे. असे झोपणारे मी फलाटावरून ओळखत होतो."

ह्यांच्या उपचारांना एक बाई होत्या, हाताच्या व्यायामाच्या. त्यांना आम्ही हाताच्या बाई म्हणायचो. सडपातळ, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज अंगाईचा आणि शिस्त तुरुंगाची. त्यांनी सांगितलं, की अंगठा आणि त्याशेजारच्या दोन बोटांची नस पोळली आहे. ती परत वाढते, पण मुंगीच्या पावलांनी, आणि वाढताना मुंग्याच आणते. "येईल तेवढं येईल. येणार नाही तेवढं शेजारच्या बोटांना शिकवू." मग त्यांनी ह्यांच्यापुढे तांदळाचं तसराळं ठेवलं. त्यात बटण, नाणं, वाटाणा, चावी असं काहीबाही पुरलेलं. डोळे मिटून, डाव्या हातानं ओळखायचं.

घरी तो अभ्यास मी घ्यायचे. हे तांदळात हात घालून असे गंभीर बसायचे, की वाटावं, पूर्वजन्म शोधताहेत.

"नाणं," ते म्हणायचे.

"वाटाणा."

"बरं. हा वाटाणा."

"ती चावी."

"मग वाटाणा कुठाय?"

"मघाशी तुम्ही खाल्लात. दाताखाली तरी कळला का?"

एके संध्याकाळी आबा येऊन समोर बसले. म्हणाले, "मी घेतो परीक्षा." आणि तोंडातली कवळी काढून, धुऊन पुसून, ह्यांच्या मिटल्या डोळ्यांपुढे त्या हातावर ठेवली. ह्यांनी ती वरून फिरवली, खालून फिरवली, कपाळाला आठ्या घातल्या.

"हे... ते आहे. ते दातांचं."

मी मनात म्हटलं, देवा, ओळखलं!

"कंगवा," हे म्हणाले. "पण जुना झालाय. टाकून द्या."

आबांनी कवळी उचलली आणि त्या रात्री जेवले नाहीत. मला मात्र कळलं, की ह्या माणसाला सोंग करायचं असतं, तर त्यानं सासऱ्याच्या कवळीला कंगवा म्हणायचं धाडस केलं नसतं.

हिवाळा संपता संपता उजव्या कोपराची खपली निघून कातडी सपाट झाली. उजवा हात एकदम ठणठणीत. झोप परत आली, शब्दही बरेचसे घरी आले. इस्त्रीवाला म्हणाला, "आता सुरू करा की दुकान." दूधवाला म्हणाला, "वस्तरा उजव्या हातातच असतो ना?" आणि सगळे मिळून म्हणाले, "नशीब, डावा हात होता!"

हे हसले. आणि त्याच आठवड्यात मला म्हणाले, "खुर्ची देऊन टाकतोय."

मी मशीनवर होते. माझा पाय थांबला.

"रस्त्यापलीकडे नवं सलून निघतंय ना, काचेच्या दाराचं. त्यांना जुन्या घडणीची खुर्ची हवी आहे, शोभेला. रविवारी हातगाडी पाठवणार आहेत. तू तुझं मशीन पुढं घे. उजेड चांगला आहे तिथं."

"आणि तुम्ही?"

"मी बटणं लावीन तुझ्या कपड्यांना."

"वाटाणे लावाल."

ते हसले नाहीत. फूटपट्टी हातात घेऊन तिच्यावरचे आकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "उजवा हात नुसता कापतो गं. बघतो तो डावा."

मला दुसऱ्या कुणी समजावायची गरज नव्हती. कापड मीही उजव्या हातानं कापते, पण ते कुठं सुळसुळतंय, कुठं ताणलंय, कुठल्या बाजूला पळू बघतंय, हे डाव्या तळव्याला कळतं. दाढीचंही तसंच. डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटांनी गाल ताणून धरायचा. त्या बोटांनाच कळायचं, केसांचं रान कुठं कुणीकडं झुकलंय, जबड्याचं हाड कुठं वळतंय, म्हाताऱ्या गळ्याची सैल घडी कुठं दडली आहे. बोटं सांगायची आणि वस्तरा ऐकायचा. आता बोटं मुकी झाली होती, आणि वस्तरा बिचारा कान लावून उभा होता.

"मग सांगा ना लोकांना," मी म्हटलं.

"वर्षभर लोक एवढे खूश आहेत," हे म्हणाले. "त्यांचा हिरमोड कशाला?"

मी फुगे आणले. साबणाचा फेस लावलेला फुगा वस्तऱ्यानं साफ करायचा, शिकाऊ कारागिरांना असंच शिकवतात. ह्यांनी फुगा डाव्या हातानं धरला. किती जोरात धरलाय, हे बोटांना कळेना. फट्! फुगा गेला आणि हे टेबलाखाली. मी खाली वाकून म्हटलं, "दुसरा देऊ?" आतून आवाज आला, "इथंच आण." त्या संध्याकाळी ते टेबलाखाली आणि मी टेबलाबाहेर, असे आम्ही सगळे फुगे संपवले. एकही दाढी पूर्ण झाली नाही. भिंतीला, पडद्याला, माझ्या केसांना फेस. आबा दारात येऊन म्हणाले, "वाढदिवस कुणाचा?"

तेव्हा माझा पारा चढला.

"आबा, त्यांना डाव्या हातानं काही कळत नाही, म्हणून खुर्ची चालली आहे घरातून. आणि तुम्हाला गंमत सुचते?"

"डाव्या हाताचं दाढीत काम काय? सायकलची घंटी वाजवायचीय?"

"मग करून दाखवा डाव्या हाताशिवाय."

"दाखवतो! उद्या सकाळी. डावा हात खिशात घालून."

"खिशातून बाहेर आला तर?"

"माझा शब्द आहे."

"शब्द नको. मी शिवून टाकते."

सकाळी आबा पँट चढवून, हात खिशात घालून माझ्यापुढे उभे राहिले आणि मी त्यांच्या सदऱ्याची बाही खिशाच्या काठाला पक्क्या टाक्यांनी शिवली. बापाला असं शिवण्याचं सुख किती मुलींच्या वाट्याला येत असेल? हे पडद्याआडून बघत होते. "अगं, त्यांना लागेल," असं दोनदा म्हणाले. आबा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही फक्त बघा आणि शिका."

बाथरूमचं दार लागलं. आधी गुणगुणणं ऐकू आलं. मग गुणगुणणं थांबलं. मग "हात्तिच्या!" मग पाण्याचा आवाज. मग "अरे तुझ्या!"

बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडावर कालचं वर्तमानपत्र तुकड्यातुकड्यानं चिकटलेलं होतं. गालावर हवामान, हनुवटीवर छोट्या जाहिराती, आणि गळ्याच्या घडीत दाढी जशीच्या तशी.

"ब्लेड जुनं होतं," ते म्हणाले.

"हो का?"

"आणि उजेड कमी होता."

"आणि?"

"आणि टाके काढ आता. उजवं कोपर खाजतंय केव्हाचं."

मी टाके उसवले. दुपारी जेवताना आबा अचानक जावयाकडे वळले.

"माझ्या हनुवटीखाली काय आहे हो?"

ह्यांनी घास खाली ठेवला. "भोवरा आहे, आबा. केस गोल फिरतात तिथं. म्हणून तिथं वस्तरा खालून वर न्यायचा नाही. आणि त्याच्या जरा अलीकडे जुनी खूण आहे, दोऱ्याएवढी बारीक. लहानपणी पडला असाल."

"पायरीवरून," आबा म्हणाले. "हे माझ्या बायकोलाही माहीत नव्हतं. आरशातही दिसत नाही. तुम्ही कधी पाहिलंत?"

"पाहिलं नाही."

"मग?"

ह्यांनी डावा हात उचलून थोडासा वर धरला, वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखा. आणि लगेच खाली घेतला.

आबांनी भाताचा ढीग केला, मोडला, पुन्हा केला. मग म्हणाले, "मीठ कमी आहे," आणि उठून गेले. मीठ बरोबर होतं.

कापल्यामुळे आबांना रविवारपर्यंत दाढी करता आली नाही. पांढरे खुंट वाढले, खपल्या धरल्या. चेहरा असा दिसत होता, की दाराशी आलेला भंगारवाला त्यांना "काय दादा, तुमची गाडी कुठं लावली?" असं विचारून गेला.

रविवारी सकाळी हे फडकं घेऊन खुर्ची पुसायला दुकानात गेले. न्यायला येणार म्हणून तिला चमकवायची होती. मी मुद्दाम मशीन लावलं, म्हणजे मला ऐकू येऊ नये. पण आवाज आलाच.

"आबा, उठा. हातगाडी येईल."

मी पडदा सारला. आबा खुर्चीत बसले होते. मान उशीला टेकलेली, गळ्याभोवती स्वतःच बांधलेला टॉवेल, डोळे मिटलेले.

"दाढी," आबा म्हणाले.

"पलीकडचं सलून आजच सुरू होतंय. तिथं..."

"मला इथली करायची आहे."

"आबा, मला जमणार नाही. किती जोरात धरलंय, ते मला कळत नाही."

"मला कळतं ना! गाल माझाच आहे. जोरात झालं, की मी हुंकार देईन."

"कापलं तर?"

आबांनी एक डोळा उघडला. "हे तोंड बघा. मी स्वतःलाच इतकं कापून घेतलंय. तुम्ही नवीन जागा कुठून शोधणार?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कढत पाणी केलं होतंच, गॅसवर. पातेलं आणून समोर ठेवलं आणि स्वतः बोट घालून बघून सांगितलं, "चांगलं आहे."

साबण लावला. फेस चढला. उजव्या हातात वस्तरा उघडला, तो जराही हलला नाही. डावा हात मात्र गालापर्यंत गेला आणि तिथंच थांबला, दार ठोठावावं की नको अशा पाहुण्यासारखा. मग ह्यांनी अंगठा आणि ती दोन मुकी बोटं हळूच मुडपून घेतली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, एवढी दोनच पुढे केली आणि त्यांनी गाल ताणला. हाताच्या बाई जे शेजारच्या बोटांना शिकवायचं म्हणत होत्या, ते हेच. दिसायला ते असं दिसत होतं, की एखादी फार शिष्ट बाई चहाचा कप उचलते आहे.

"हं!" आबा म्हणाले.

बोटं सैलावली.

"उं." म्हणजे ठीक.

वस्तरा उतरला. कानापासून गालापर्यंत एक पट्टा साफ झाला, नांगरानं शेतात ओढलेल्या पहिल्या रेघेसारखा. मी श्वास सोडला तर आबा म्हणाले, "हं!"

"आता काय झालं?" हे घाबरले.

"काही नाही. ही पोरगी माझ्या कानात फुंकतेय. लांब हो गं."

मग घरात फक्त ते दोन आवाज राहिले: हं आणि उं. वर्षानुवर्षं ह्या खुर्चीत हे बोलायचे आणि गिऱ्हाईक गप्प बसायचं. आता गिऱ्हाईक बोलत होतं आणि हे ऐकत होते, असे जीव कानांत आणून ऐकत होते, की मला वाटलं, लग्नानंतर एकदा तरी माझं असं ऐकायला हवं होतं. एका ठिकाणी रक्ताचा ठिपका आला. हे थबकले. आबा डोळे न उघडता म्हणाले, "ती माझीच खपली. तुमची नाही." ती खपली नव्हती. मी बघितलं होतं. तुरटी पुढे केली आणि गप्प बसले.

डावा गाल झाला. डावीकडचा जबडा झाला. हनुवटीच्या मधोमध आले आणि डावा हात आखडला. कळत नसताना फार जोर लावला, की असं होतं. बोटं पक्ष्याच्या नखांसारखी वळली आणि परत उघडेनात. ह्यांनी वस्तरा आधी मिटून ठेवला. मग हात धरून खाली स्टुलावर बसले. कपाळावर घाम.

"झालं," ते म्हणाले. "एवढंच होतं माझ्यात."

तेवढ्यात दारात हातगाडी येऊन थांबली. हातगाडीवाला आत डोकावला, आडदांड, खांद्यावर दोरी, आणि दाढी चारी दिशांना वाढलेली.

"खुर्ची न्यायला आलोय."

मी ह्यांच्याकडे बघितलं, हे हाताकडे बघत होते. उत्तर खुर्चीतून आलं.

"भरलेली आहे."

हातगाडीवाल्यानं आबांकडे बघितलं. एका बाजूनं काच, एका बाजूनं फेस आणि खुंट. "कधी रिकामी होणार?"

"माझं झाल्यावर."

"मग उरकून घ्या की, दादा."

"कारागिराचा हात थांबलाय. चालू लागला की उरकेल."

"कधी लागेल चालू?"

आबांनी जावयाकडे बघितलं. हे म्हणाले, "सांगता येत नाही. थोड्या वेळानंही लागेल. उद्यावरही जाईल."

"उद्या!" हातगाडीवाला म्हणाला. "आणि तोवर तुम्ही हे असे, अर्धे?"

"अरे, मी जन्मभर चालत्या गाडीत उभा राहिलोय," आबा कडाडले, त्याबरोबर फेसाचा एक गोळा टॉवेलवर पडला. "आता कुठं बसायला जागा मिळाली आहे. मी मधल्या स्टेशनावर उतरत नाही. जा, सांग तुझ्या मालकाला. आणि संध्याकाळी मी ह्याच तोंडानं त्याच्या काचेच्या दारावरून फिरायला जाणार आहे, तेही सांग."

मी ह्यांचा हात माझ्या हातात घेतला आणि बोटं एकेक करून उलगडायला बसले, ओल्या कापडाच्या चुण्या काढाव्या तशी. ह्यांनी हात ओढून घेतला नाही.

हातगाडीवाला जायचा होता. पण बाहेर ऊन होतं आणि दुकानात पंखा. तो बाकावर टेकला. आधी टोकावर टेकला, मग मागे सरकला, मग पाय लांब केले. आबांच्या साफ गालाकडे त्यानं बराच वेळ बघितलं. आपल्या दाढीत बोटं घालून खाजवलं.

"काय हो," तो म्हणाला, "ह्यांची झाल्यावर माझी होईल का?"

ह्यांनी मान वर केली. "वेळ लागतो मला."

"ते दिसतंय."

"कापेलही."

"तेही दिसतंय. पण ते दादा काही उठून पळाले नाहीत."

हे उठले. हात माझ्या हातातून काढून घेतला, दोनदा उघडला, मिटला. बाकापाशी गेले आणि करंगळी हातगाडीवाल्याच्या जबड्यावर टेकवली. कानाखालून हनुवटीपर्यंत हळूहळू नेली. थांबले. थोडं मागे येऊन पुन्हा तिथूनच नेली. डोळे मिटले होते. मी श्वास धरून होते आणि आबाही, अर्ध्या फेसानिशी, मान वळवून बघत होते.

"तुमचे केस उलटे आहेत," हे म्हणाले. "इथं वर, कानाकडे वळतात."

"आमची आई तेच म्हणायची. सगळंच उलटं आहे ह्याचं."

"आणि इथं खाली एक फोड आहे. मी तिला वळसा घालून जाईन." ते वळले, आणि वर्षात पहिल्यांदा त्यांनी मला फर्मान सोडलं, "अगं, पाणी आणखी तापव. आणि स्वच्छ टॉवेल काढ, दोन."

"दुसरा नंतर!" आबा खुर्चीतून गरजले. "आधी माझी हनुवटी! रांगेत मी पुढे आहे!"